सरकणाऱ्या चिठ्ठ्या आणि वहिनीचा कोट

माझी वहिनी आमच्या शिवणकामाच्या दुकानात काज-बटणं करते आणि उरल्या वेळात कॉम्प्युटरसमोर बसून जावास्क्रिप्ट शिकते. मी इस्त्रीवाला दीर. मला दोन्हींतलं ओ की ठो कळत नाही, पण मत मात्र दोन्हींवर असतं.

कामाचा क्रम ठरवायची आईची पद्धत एकच. भिंतीवर दोरी आणि दोरीला चिमट्यांनी लावलेल्या चिठ्ठ्या. घाईचं गिऱ्हाईक आलं की त्याची चिठ्ठी पुढे जायची. वहिनीच्या स्वतःच्या कोटाची चिठ्ठी लग्न झाल्यापासून शेवटीच लटकत होती. परवा दोरी तुटली आणि सगळा घोळ झाला.

"आई, मी चिठ्ठ्या पडद्यावर करून देते. माऊसने ओढायच्या, हव्या तिथे सोडायच्या," वहिनी म्हणाली.

"दुपारपर्यंत जमव. नाहीतर मी नवी दोरी बांधते, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

या दुकानात आपल्या हातचं काहीतरी असावं, असं वहिनीला फार वाटायचं. ती जेवायलाही उठली नाही. चिठ्ठी उचलली जायची, वर सरकायची, पण सोडली की सुळकन पुन्हा मूळ जागी.

"भावजी, इथे प्रत्येक जागा चिठ्ठीला आधी नाहीच म्हणते. 'येऊ दे' असं सांगणारी ओळ लिहावी लागते. ती लिहिलीये, तरी मेली ऐकत नाही!"

तेवढ्यात आई माझ्यावर कडाडली. मी एका पँटला झकास घडी पाडून मग गिऱ्हाइकाला विचारलं होतं, घडी हवी का म्हणून.

"अरे शहाण्या, इस्त्री फिरवायच्या आधी विचारायचं असतं!"

वहिनी ताडकन उठली. तिनेही तेच केलं होतं. परवानगीची ओळ तिने चिठ्ठी सोडण्याच्या क्षणाला लिहिली होती, आणि ती हवी होती त्याआधी, चिठ्ठी नव्या जागेच्या वर फिरत असताना. तिने ओळ हलवली. चिठ्ठी गपकन बसली. माझ्या मूर्खपणाचा इतका उपयोग आजवर कुणाला झाला नव्हता.

आईने चष्मा चढवला, माऊस हातात घेतला, सगळ्यात खालची चिठ्ठी पकडली आणि ओढत ओढत थेट वर नेऊन सोडली.

"आता बंद करून चालू कर. बघू टिकतंय का."

टिकलं. सगळ्यात वर लिहिलेलं होतं, 'सुनेचा कोट'.

आईने गळ्यातली टेप काढली.

"बघत काय बसलीस? उभी राहा सरळ. लग्नातलं माप आता कुठलं बसायला!"