खंडेनवमीचा बल्ब

दीर कारेगावच्या कंपनीत कामाला आहेत. सुट्टीला घरी आले की ड्रोन जुळवत बसतात. त्याची एक बॅटरी पुरीसारखी फुगली होती. टाकून देण्याआधी ती रिकामी करायची म्हणून त्यांनी तिला गाडीचा जुना बल्ब जोडला आणि ओसरीपुढे वाळूच्या पाटीत ठेवली. "वहिनी, बल्ब पुरता विझेपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका," असं सांगून ते यवतला फुलं आणायला गेले.

त्या दिवशी खंडेनवमी होती. पाटावर कोयता, विळे, पान्हे मांडले होते. सासूबाईंना तो मिणमिणता बल्ब दिसला.

"पूजेच्या तोंडावर दारात दिवा विझायला ठेवला व्हय?"

"आत्या, भावजी म्हणाले, विझल्याशिवाय..."

"पुन्हा त्योच शब्द! सणाचं तरी चांगलं बोलावं."

माझं सांगणं पुरं व्हायच्या आत त्यांनी बल्ब काढला आणि हळदकुंकू लावायला बॅटरी तांब्याच्या ताम्हणात ठेवली. उघड्या तारा ताम्हणाला टेकल्या, ठिणग्या उडाल्या, धूर झाला. मी ताम्हण उचलून अंगणात फेकलं. बोटं भाजली.

दीर आले. "वहिनी, एवढंच तर सांगितलं होतं तुम्हाला." सासूबाई पाट पुसत राहिल्या.

आता बॅटरीपाशी दीर आईलाच बसवतात. परवा त्या शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या सुनेला न्हाई जमत. बल्ब पुरता विझू द्यावा लागतो, बाई."

मी आत भाकरी थापत होते. त्या बोटांनी ती अजून गोल होत नाही.