भाता कोण मारतंय?

अर्धांगाच्या झटक्यातून ह्यांचा उजवा हात वाचला, डावा मात्र रुसून बसला. भेटायला आलेला जो तो म्हणायचा, नशीब, उजवा शाबूत आहे. आता त्यांना काय सांगणार, कपाळ? पेटीवाल्याचा उजवा हात पट्ट्यांवर फिरतो खरा, पण भाता मारतो तो डावा. हवाच नाही तर सूर कुठून येणार?

नेऱ्याच्या भजनी मंडळात जन्मभर पेटी वाजवलेला माणूस, पण आता पनवेलच्या आमच्या घरात पेटीकडे पाठ करून बसायचा. बोलणंही आटलं. आमटी अळणी झाली तरी चकार शब्द नाही. पूर्वी ह्यांच्या बोलण्याने मी वैतागायची, आता तेच ऐकायला जीव तुटायचा.

निदान ऐकतील तरी, म्हणून मी फोनवर पेटीवादन लावून ठेवायची. एका दुपारी त्यातून भलतंच काहीतरी निघालं. जुना पियानो, समोर एक गोरा म्हातारा हाताची घडी घालून बसलेला, आणि पट्ट्या आपोआप खालीवर. अगं बाई, ही काय भुताटकी! म्हाताऱ्याचे पाय तेवढे ठेका धरल्यासारखे हलत होते. पण वाजत होतं मोठं झकास. खालचे सूर कवायतीला निघाल्यासारखे पक्के, आणि वरचे त्यांना सारखी हुलकावणी देणारे. कधी ठोक्याच्या आधीच हजर, कधी मुद्दाम उशिरा. माझी मान आपोआप डोलायला लागली.

मग मला चैन पडेना. शोधशोध शोधलं. ह्या वाजवण्याला रॅगटाइम म्हणतात, अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी शंभरावर वर्षांपूर्वी घडवलेलं. त्यांनी वाजवलेलं कागदाच्या लांब गुंडाळीवर भोकं पाडून धरून ठेवायचे, आणि ती गुंडाळी पियानोत घातली की तेच वादन पुन्हा सुरू. काही गुंडाळ्यांवर तर मागाहून जास्तीची भोकं पाडायचे, म्हणजे तीन-तीन हात वाजवतायत असं वाटावं. वादक कधीच गेले, त्यांची बोटं तेवढी कागदावर राहिली. मला मेलीला नवल वाटलं, आणि उगाच भरूनही आलं.

हे सगळं मी ह्यांच्या पाठीला सांगितलं. तसेच पाठमोरे म्हणाले, समेला नीट येत नाही तो. मी म्हटलं, मुद्दाम येत नाही, त्यातच तर गंमत आहे. मग विचारलं त्यांनी, कागदाला भोक पडलं म्हणून पट्टी कशी खाली बसेल? मी वाचलेलं सांगितलं, की भोक आलं की तिथून हवा ओढली जाते, आणि त्या जोरावर पट्टी बसते.

हे वळले. फोन हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले.

"म्हणजे आत भाता आहे. तो कोण मारतंय?"

मी म्हाताऱ्याच्या पायांकडे बोट दाखवलं. ठेका कसला, तो पायांनी भाता मारत होता. म्हटलं, त्याला वाजवता येत नसलं तरी चालतं. मी बोलून गेले आणि आम्ही दोघंही पेटीकडे बघायला लागलो.

पेटी मीच ओढून आणली. धूळ पुसली, ह्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि भाता धरला. ह्यांनी नेहमीच्या अभंगाची पहिली ओळ काढली. बोटं अडखळली, पण सूर निघाला. मला कोण आनंद झाला! माझ्या डोक्यात त्या पियानोचा ठेका घुमत होता, तेव्हा मीही दणक्यात, ठोक्याठोक्याला भाता मारायला लागले. पेटीला उचक्या लागल्या.

"अगं, तालात कोणी भाता मारतं का? सूर तुटतोय. हवा कमी पडली की गुपचूप द्यायची. इतकी वर्षं शेजारी बसून ऐकलंस काय?"

मी मान खाली घातली. किती महिन्यांनी ओरडले मला! बरं म्हटलं, डोळे पुसले, आणि पुढच्या ओळीला मुद्दाम पुन्हा तालात मारला.