आईचं माहेर विचारायचं राहिलं

परवा जोतिबाच्या पायथ्याच्या एका गावात सुलाक्कांनी माझं तीन वर्षांचं काम मोडीत काढलं... तेही चहा पिता पिता.

मी डीएनएवर काम करते. गुन्ह्याच्या जागेवरचा डीएनए आरोपीशी जुळला, तरी तो इथल्या आणखी किती जणांशी जुळू शकेल हे कोर्टाला सांगावं लागतं. त्यासाठी आम्ही गावोगाव फिरून लोकांच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुने घेतो. अट एकच... नमुने देणारे एकमेकांच्या नात्यातले नकोत, नाहीतर आकडा चुकतो.

रांगेत एक बाई आणि एक तरुण उभे होते. नेहमीप्रमाणे विचारलं, तुमची भावकी आहे का? दोघंही ठामपणे नाही म्हणाले.

गावच्या निवृत्त अंगणवाडीताई सुलाक्का शेजारीच चहा पीत बसल्या होत्या, त्या खो खो हसल्या. "अवो म्याडम, भावकी कशी आसंल? ह्यो तिच्या मामाचा पोरगा की! पावणं हाईत ती!"

काडी हातातच राहिली. भावकी म्हणजे बापाकडचे, आईकडचे ते पाहुणे... लोक खोटं बोलतच नव्हते, मीच अर्धं विचारत होते. तीन वर्षं, प्रत्येक फॉर्मवर! इथेच जन्मलेल्या बाईला हे सुचू नये? लाज वाटली, खरंच.

लॅबमधला एक सहकारी म्हणाला, कोण बघतंय, आहे तो रिसर्च पेपर छापायला पाठवून द्या. असला संताप आला! आमच्या चुकीच्या आकड्यावर उद्या एखादा निर्दोष माणूस जन्मभर आत बसला, तर त्याला काय सांगू... फॉर्म चुकला होता?

पेपर थांबवला. काल पहिल्या गावापासून पुन्हा सुरुवात केली, सुलाक्का गाडीत पुढच्या सीटवर. दुपारपर्यंत तिथले निम्मे जुने नमुने बाद झाले आणि माझा चेहरा पडला.

"रडाय काय झालं? दुसरी मानसं गावतील की," सुलाक्का म्हणाल्या आणि पुढच्या घराची कडी वाजवली.

रिटायरमेंटला दोन वर्षं आहेत, गावं एकोणीस. करणार म्हणजे करणार.

नव्या फॉर्मवर सुलाक्कांमुळे सुचलेला प्रश्न सगळ्यात वर आहे... आईचं माहेर कुठलं, बाबांचं आजोळ कुठलं? नीट जमलाय का बघायला पहिला फॉर्म मी स्वतःचाच भरला... आईचं माहेर, बिद्री. बाबांचं आजोळ, तेही बिद्री. एकच घर! माझी आई बाबांच्या मामाची मुलगी आहे.