सोनगीरचा काडतूसपट्टा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. ही वही कुणाच्या हाती पडली तर त्याने तेवढं सांभाळून घ्यावं.

धुळ्याला हायवेलगत आमचं भंगाराचं दुकान आहे. शिपायांचे जुने पट्टे भंगारात आले की इतर दुकानदार पितळी बकल काढून घेतात आणि चामडं फेकून देतात. आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते फेकवेना. जमवता जमवता मागची खोली भरली. काडतुसांच्या थैल्या, संगिनीची म्यानं, पाठीवरच्या पिशव्या. आणायचे ते, पुसायची मी. चामड्याला खायचं तेल लावलं तर उंदीर कुरतडतात आणि प्लॅस्टिकमध्ये बांधलं तर बुरशी चढते. म्हणून मेणाचा हात फिरवून मी एकेक वस्तू धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवायची.

एकदा सोनगीरचा एक माणूस दारूसाठी काडतूसपट्टा विकून गेला. खांद्यावरून आडवा घालायचा, पुढे पाच खण असलेला. मालक खूश होते. असा अख्खा पट्टा सहसा मिळत नाही म्हणे.

त्याच वर्षी दसऱ्याला सकाळी त्या माणसाची म्हातारी आई एसटीने आली. हातात फडक्याने झाकलेलं ताट. हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं.

"मना सासराना पट्टा आठे शे ना, पोरी? लढाईम्हा त्यासनी वापरेल. दसराले आम्ही पूजतस."

मी पट्टा काढून पाटावर ठेवला. तिने पाचही खणांवर कुंकू लावलं. मालक दारातून हसत म्हणाले, "अक्का, आता देव्हाराही इथंच आणा!"

"देव जागावर शेतस रे भाऊ. बिघडेल शे तो मना पोऱ्या."

मालक ओशाळले. जेवढ्याला घेतला तेवढेच जमतील तसे द्या आणि पट्टा घेऊन जा, वर एक रुपया नको, असं त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांचा शब्द खरा होता, तेव्हा तरी.

अक्का दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. पैसे जमले की एसटी धरून यायची, रुमालाची गाठ सोडून नोटा माझ्या हातात द्यायची आणि पट्टा बघून परत जायची. मी ते पैसे मालकांना द्यायची. पुढच्या दसऱ्यालाही ती ताट घेऊन आली आणि तिने पूजा केली. निम्म्याच्या वर रक्कम फिटली होती.

त्यानंतरच्या पावसाळ्यात पुण्याहून एक गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं. मी चहा करत होते. बाहेर येऊन पाहते तर पट्टा त्याच्या गाडीत.

"तो अक्काचा आहे," मी म्हटलं. एवढंसुद्धा मी परक्या माणसासमोर पहिल्यांदाच बोलले असेन.

मालक म्हणाले, "तिचे पैसे फिटायला अजून वर्ष जाईल. दुकानाचं भाडं थकलंय, ते काय तू भरतेस?"

दसऱ्याला अक्का आली. तिने झाकलेलं ताट ओट्यावर ठेवलं. मालक घरात नव्हते, मुद्दामच नव्हते. मी मान खाली घालून सांगितलं. तिने ताटावरचं फडकं नीट केलं. मग म्हणाली, "सासरानी मरताना मना हातम्हा दिन्हता. पोऱ्याना हातम्हा नही."

तिने ताट जसंच्या तसं उचललं आणि ती स्टँडकडे गेली. कुंकवाची डबी उघडलीसुद्धा नाही.

मालकांकडे तिचे पैसे मागितले तर म्हणाले, खर्च झाले, देऊ पुढे. मालकांकडून पुण्याच्या माणसाला फोन करवला, त्याने उचलला नाही. मग मी गल्लीतल्या बायकांच्या गोधड्या शिवायला घेतल्या. हातात काही आलं की सोनगीरला जायची. पहिल्या वेळी अक्काने पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या वेळी घेतले. तिचं वेचणीचं काम गुडघ्यांमुळे सुटलं होतं आणि मुलगा घरात असेल ते विकत होता. ती मला बस म्हणायची, पाणी द्यायची, पट्ट्याचं नाव काढायची नाही. मीही काढलं नाही.

या संक्रांतीनंतर शेवटचे दिले. तिने ते दोनदा मोजले, पोलक्यात ठेवले आणि म्हणाली, "बठ्ठा पैसा वनात, पोरी. आते येऊ नको."

मी एसटीने परत आले. तिचे पैसे सगळे फिटले.