सरकारदप्तरी लागलेली मुरुमे

माझ्या मुलाच्या नाकावरचे मुरूम सरकारदप्तरी नोंदलेले आहे.

ही नोंद मीच आग्रहाने करवली. आग्रहाने म्हणजे, लिहिणारा कारकून नको म्हणत असता, चिरंजीव हात जोडत असता आणि मागे उभे असलेले स्वार पोट धरून हसत असता! परंतु कागद खोटा होऊ द्यायचा नाही, ही माझी जन्माची शिस्त. माझी सारी हयात न्यायाधीशांच्या कचेरीत फिर्यादी लिहिण्यात गेली. शनिवार पेठेत माझ्याविषयी असे बोलतात की, या गृहस्थांना राग आला की ते शिवी देत नाहीत, अर्ज देतात. हे बोलणे खरे आहे. (ते बोलणाऱ्यांविरुद्धही मी अर्ज दिलेला आहे.)

विनायक हा माझा एकुलता मुलगा. घराण्याचा धंदा लेखणीचा. पण याला दौत दाखवली की झोप येई आणि घोडा दाखवला की जाग येई. शेवटी त्याच्या मामांनी आपली पांढरी घोडी भाच्याला दिली आणि एका सरदारांच्या पथकात त्याच्यासाठी शब्द टाकला. आषाढात पथकात नाव घालायचे, दसऱ्याला हजिरी द्यायची आणि मग फौजेबरोबर कूच करायचे, असे ठरले. त्या दिवसापासून पोराला जमिनीवर पाय ठेवणे जड जाऊ लागले. जेवायलासुद्धा तो पाटावर मांड टाकून बसे!

आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या चेहऱ्यावर मुरुमांनी छावणी घातली. कपाळ गेले, गाल गेले, हनुवटी गेली. नाकाच्या शेंड्यावर तर एक असे उगवले की, विनायकाशी बोलणारा मनुष्य नकळत त्या मुरुमाशीच बोलू लागे. पेठेतली पोरे त्याला ‘डाळिंब’ म्हणत. बिचारा उपरण्याने तोंड झाकून हिंडे.

मी त्याला बुधवार पेठेतल्या वैद्यबुवांकडे नेले. वैद्यबुवा मनुष्य विद्वान, पण तोंडाचे तिखट. त्यांनी विनायकाची हनुवटी वर करून पाहिली आणि पुन्हा खाली सोडली.

“किती दिवसांत बरं होईल?” मी विचारले.

“रोग असता तर सांगितलं असतं. हे वय आहे.”

“हे काय उत्तर झालं?”

“उत्तर झालं. आता उपचार ऐका. सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी आणि मसुरीचं पीठ घेऊन हलक्या हातानं तोंड धुवायचं. हलक्या हातानं! तोंड आहे, तांब्या नव्हे. तेल चोपडायचं नाही. लोध्र, धने आणि वेखंड उगाळून पातळ लेप द्यायचा; तोही आधी कोपरावर लावून पाहायचा आणि चुरचुरला तर धुऊन टाकायचा. उशीचा अभ्रा स्वच्छ ठेवायचा. हे पागोटं कोणाचं?”

“माझ्या तीर्थरूपांचं,” मी अभिमानाने म्हणालो.

“धुतलं कधी?”

“तीर्थरूप असताना.”

“मग कपाळावरच्या पुटकुळ्या घराण्याच्या आहेत,” वैद्यबुवा म्हणाले. “ते तेलकट पागोटं आजच धुवायला टाका. आणि मुख्य पथ्य हे, की हात लावायचा नाही. दाबायचं नाही, फोडायचं नाही. चुना, लिंबू, बिबा यातलं काही थापायचं नाही. फोडलं की आत पसरतं, सुजतं आणि वण राहतो.”

“हे पथ्य मुलाला सांगा.”

“मुलगा शहाणा दिसतो. मी तुम्हालाच सांगतोय.”

माझ्या मस्तकाची शीर उठली! घरी येताच मी वैद्यबुवांना खरमरीत पत्र लिहिले. उपचाराला मुदत असावी, मुदतीत गुण न आल्यास जबाबदारी कोणाची ते स्पष्ट असावे, आणि ‘हे वय आहे’ हे वाक्य कोणत्या शास्त्रात बसते त्याचा खुलासा व्हावा, अशी माझी कलमे होती. वैद्यबुवांनी माझ्याच पत्राच्या पाठीवर उत्तर लिहून पाठवले : ‘मुरूम हे आपले कूळ नव्हे, की ताकीद दिली आणि जागा सोडून गेले. तोंड धूत राहावे. पत्रे लिहू नयेत.’

पत्रे लिहू नयेत! मला!

पथकात नाव घालण्याचा दिवस उजाडला. नाव घालताना स्वाराचा आणि त्याच्या घोड्याचा ‘चेहरा’ लिहून घेण्याची पद्धत आहे. वर्ण, बांधा, तीळ, जखमेच्या खुणा असे सारे वर्णन उतरवायचे. म्हणजे पुढे हजिरीला भलताच मनुष्य किंवा भाड्याचे तट्टू उभे करून कोणी पगार खाऊ नये. पद्धत उत्तम आहे. ती मला फार आवडते. अशा सरकारी कामाला मुलगा नाकावर ते डाळिंब घेऊन जाणार, हे मात्र मला सहन होईना. मी त्याला अंगणात उजेडाला बसवले.

“अहो, हात लावू नका म्हणून सांगितलंय ना?” आतून सौभाग्यवतींचा आवाज आला.

“मी हात लावत नाही. जप्ती करतो आहे.”

“आबा, नको!” विनायक म्हणाला.

“हलू नकोस. एका चिमटीचं काम आहे.”

ती चिमटी मी अशी घेतली की, चिरंजीवांच्या किंकाळीने ओसरीपाशी बांधलेली घोडी दावे तोडून थेट स्वयंपाकघरात गेली! घोडीला बाहेर काढून तासाभराने पाहतो, तर मुरूम जागच्या जागी आणि त्याच्या आजूबाजूला नाक भरल्या वांग्याएवढे झालेले.

सौभाग्यवतींनी कंबरेवर हात ठेवून मुलाकडे शांतपणे पाहिले. “छान झालं. इतके दिवस नाकावर मुरूम होतं. आता मुरुमाला नाक आलंय.”

तशाच अवस्थेत आम्ही मुठेपलीकडच्या माळावर पोहोचलो. तंबूत चेहरे लिहिणारा कारकून बसला होता. वाळक्या अंगाचा, अर्धे डोळे मिटून लिहिणारा. घोडीचा चेहरा त्याने झरझर लिहिला : पांढरी, शेपूट आखूड, डाव्या कानाला चीर. मग त्याने विनायकाकडे ओझरते पाहिले आणि लिहिता लिहिता वाचू लागला, “वर्ण गोरा, बांधा सडपातळ, नाक सरळ...”

“थांबा!” मी गरजलो. “नाक सरळ? डोळे उघडून पाहा.”

त्याने डोळे उघडले. “सुजलंय. उतरेल. खाली सरळच असणार.”

“असणार! सरकारी कागदात ‘असणार’ लिहिता? आणि ही मुरुमे कुठे आहेत?”

“तोंडावर आहेत.”

“कागदात कुठे आहेत?”

“आजोबा, वय आहे. जातील ती.”

(मी मुलाचा बाप आहे, आजोबा नव्हे. याविषयीची तक्रार मी पुढे वेगळी केली.)

“जातील हे भविष्य झालं. कागदात वर्तमान लिहावं,” मी म्हणालो. “खोटा चेहरा मी माझ्या मुलाला लावू देणार नाही. लिहा!”

“आबा,” विनायक कानाशी कुजबुजला, “तुमच्या पाया पडतो. सगळे ऐकताहेत.”

“ऐकू देत. सत्याला पडदा नसतो.”

आणि मी सांगितले, त्याने लिहिले. कपाळावर मुरुमे दाट. दोन्ही गालांवर तशीच. हनुवटीवर पिकलेली. नाक सुजट व तांबडे, शेंड्यावर एक थोर मुरूम. ‘थोर’ हा शब्द माझा. मागचे स्वार एकमेकांच्या खांद्यावर डोके ठेवून हसत होते. पण मी कागद दोनदा वाचून घेतला, खाली जामीन म्हणून सही केली आणि समाधानाने घरी आलो.

त्यानंतर घरात माझे राज्य संपले. सौभाग्यवतींनी उपचार आपल्या हाती घेतला आणि मला मुलापासून हातभर अंतरावर राहण्याची ताकीद मिळाली. पागोटे धुतले. (त्यातून निघालेले पाणी पाहून मी तीर्थरूपांची क्षमा मागितली.) सकाळ-संध्याकाळ तोंड धुणे आणि दिवसाआड पातळ लेप, एवढाच काय तो उपचार. पहिल्या महिन्यात काहीच फरक दिसेना. मी दुसरे पत्र लिहायला बसलो, तर सौभाग्यवतींनी दौतच उचलून नेली.

“अहो, लेप त्याच्या तोंडाला लावलाय. मग तुम्हालाच का चुरचुरतंय?”

श्रावण गेला, भाद्रपद गेला. सूज तर केव्हाच उतरली होती. हळूहळू कपाळ मोकळे झाले, गाल साफ झाले, आणि नवरात्रात एके सकाळी विनायक आरशासमोरून हलेचना. नाकाच्या शेंड्यावर वणदेखील नव्हता! पोराने उपरणे खांद्यावर टाकले आणि तोंड उघडे ठेवून भर पेठेतून दोन फेऱ्या मारल्या. मी वैद्यबुवांना आभाराचे पत्र पाठवले. त्यात मुदतीचा विषय फक्त एकदाच काढला.

दसऱ्याच्या हजिरीला आम्ही ऐटीत गेलो. विनायकाची कमर कसलेली, घोडीच्या गळ्यात झेंडूची माळ. परवा फौज निघणार होती. तोच कारकून, तसेच अर्धे मिटलेले डोळे. त्याने घोडीचा डावा कान चाचपला, शेपूट पाहिले आणि म्हणाला, “घोडी हजर. स्वार कुठे आहे?”

“हा काय. मीच,” विनायक म्हणाला.

कारकुनाने कागद पाहिला. मग तोंड पाहिले. मग पुन्हा कागद पाहिला आणि तो मोठ्याने वाचू लागला. कपाळावर मुरुमे दाट! दोन्ही गालांवर तशीच! हनुवटीवर पिकलेली! ‘थोर मुरूम’ येईपर्यंत सारा माळ गोळा झाला होता. विनायकाचे तोंड, इतक्या मेहनतीने स्वच्छ केलेले ते तोंड, पुन्हा लालबुंद झाले.

“हा तो नव्हे,” कारकून म्हणाला. “घोडी त्याची, स्वार भलताच. तोतया दिसतो. याला कोतवालाच्या चावडीवर न्यावं लागेल.”

“अहो, हा माझा मुलगा आहे!”

“असेल. कागदात नाही.”

“मुरुमे बरी झाली!”

“ती जातील, असं मी म्हणालो होतो. आपण काय म्हणालात?”

मी काय म्हणालो होतो, ते मला स्वच्छ आठवत होते. जन्मभर कचेरीत मी तेच म्हणत आलो होतो.

“आबा,” विनायक अगदी हळू म्हणाला, “मला फौजेबरोबर जायचंय हो.” पोराची बोटे घोडीच्या आयाळीत घट्ट रुतली होती आणि डोळ्यांत पाणी आले होते.

“यावर काही उपाय?” मी नरमाईने विचारले. (हा सूर मी याआधी कधी वापरला नव्हता. तो मला नीट जमला नाही.)

“आहे ना,” कारकून लेखणी पुसत म्हणाला. “फौज परवा निघेल. तोवर मुरुमे हजर करा.”

आता सांगायला लाज वाटते. परंतु क्षणभर मला हा मार्ग कायदेशीर वाटला! मी विनायकाकडे वळून म्हणालो, “ते जुनं तेलकट पागोटं...”

“धुतलंय आबा!” विनायक किंचाळला.

मग मात्र माझा संयम सुटला. काठी जमिनीवर आपटून मी त्या कारकुनाला विचारले की, मनुष्य म्हणजे त्याची कातडी काय? उद्या मी दाढी केली तर माझे घर दुसऱ्याचे होते काय? लहानपणी पडलेल्या दातांसाठी सरकार माझ्यावर तोतयेगिरीचा आरोप ठेवणार काय? घोडीला ओळखता आणि तिच्या धन्याला ओळखत नाही, हा न्याय माणसांचा की तबेल्याचा? मी शास्त्राधार दिले, दाखले दिले आणि जे दाखले आठवले नाहीत ते अधिक मोठ्याने दिले. झेंडूची माळ खात असलेली घोडी खाणे थांबवून ऐकू लागली.

कारकुनाने उरलेले अर्धे डोळेही मिटून घेतले होते. माझा दम संपला तेव्हा त्याने ते उघडले.

“पटली,” तो म्हणाला.

“काय पटलं?”

“ओळख. आषाढात त्या पोराशेजारी हाच आवाज होता. असा बाप पुण्यात दुसऱ्या पोराला असेल, हे संभवत नाही. मुलगा खरा आहे. हजर!”

विनायक एका उडीत घोडीवर बसला. माझ्याकडे पाहून हसला आणि कारकुनाचा विचार बदलायच्या आत टाच मारून रांगेत गेला. पोराचे काम झाले. मी डोळे पुसले आणि सहज म्हणून कागदावर नजर टाकली. कारकुनाने मुरुमांच्या सगळ्या ओळी खोडल्या होत्या आणि खाली नवे कलम घातले होते : ‘ओळखीची खूण — बाप हुज्जतखोर. खूण कायमची, जाण्याचा संभव नाही.’

हे मी कसे सोसावे? त्याच रात्री बसून मी कडक अर्ज लिहिला. मी हुज्जतखोर नाही, हे अनेक कलमांनी सप्रमाण सिद्ध केले, प्रत्येक कलमाला पोटकलमे जोडली आणि सदर शेरा तत्काळ काढून टाकावा, अशी मागणी केली.

अर्ज मंजूर झाला नाही. फेटाळलाही नाही. कारकुनाने तो विनायकाच्या चेहऱ्याला जोडून ठेवला आणि उलट निरोप पाठवला की, पुढच्या हजिरीला आपण जातीने येण्याचे कष्ट घेऊ नयेत. पहिली चार पोटकलमे वाचली तरी मुलाची ओळख पटते.