हातातलं पायताण

मी मुळातच भित्री. माझं माहेर पुण्याजवळच्या माणचं. तिथं शेतं जाऊन भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, त्यामुळं साप मी चित्रातच पाहिलेले. लग्न होऊन ताम्हिणीकडं आले आणि पाचोळा वाजला तरी दचकू लागले. सासूबाई हसायच्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, म्हणायच्या.

पुढं खरंच भिण्यासारखं काही आलं. डोंगरउतारावरच्या एका फार्महाऊससाठी बाहेरून रोपं आणली होती. त्या मातीतून मुठीएवढ्या आफ्रिकन गोगलगाई आल्या, आणि दोन-तीन पावसाळ्यांत आमच्या देवराईत शिरल्या. जुन्या झाडांखाली उगवलेला कोंब न् कोंब त्या खाऊन टाकत. खोडांवर दिसणाऱ्या आमच्या छोट्या गोगलगाई तर दिसेनाशाच झाल्या. कोंबच राहिले नाहीत तर उद्या शेकरूनं घरटं कशावर बांधायचं? विष टाकायचं निघालं, पण विषाला देवीचं कोण आणि परकं कोण हे कळत नाही, म्हणून गावानं ते नाकारलं. मग हातानं वेचायचं ठरलं. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी पसरायची, सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगाई उचलून हद्दीबाहेर मिठाच्या पाण्यात टाकायच्या. देवराईतली काटकीही बाहेर नेत नाहीत, पण ह्या देवीच्या नव्हेतच, असा जाणत्यांनी निवाडा दिला.

आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी सगळ्या बायकांना रबरी हातमोजे दिले. या गोगलगाईंत जंत असतो, तो पोटात गेला तर मेंदूत चढतो, असं बजावलं. सासूबाईंनी देवराईच्या रीतीप्रमाणे हद्दीवर चपला काढल्या आणि शेजारी हातमोजेही काढून ठेवले.

"ह्ये बी पायताणच की. हातातलं."

झालं, सगळ्यांनी काढले. मीही काढले. ओल्या पाचोळ्यात उघडा हात घालताना माझा जीव मुठीत असायचा. पण सापापेक्षा मला सासूबाईंच्या बोटाची भीती वाटे. घरी आलं की हात पदराला पुसून त्याच बोटानं त्या दातांना मिश्री लावत. मी साबण पुढं केला की म्हणत, गोगलगाईच्या पोटात पाय ऐकले होते, तू तर डोक्यात जंत घातलास.

श्रावणात त्यांना ताप भरला. डोकं फुटायला आलं, मान वाकेना. जीपमधून पौडला आणि तिथून पुण्याला नेलं, तेव्हा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. इतकी घाबरले होते की रडूही येईना. गोगलगाई हाताळल्या होत्या का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी हो म्हणाले, तसं त्यांनी लगेच पाठीतलं पाणी तपासायला काढलं. बरं व्हायला सासूबाईंना दिवाळी उजाडली. निघताना डॉक्टर म्हणाले, जंत कुठल्याही गोगलगाईत असू शकतो, गावच्यासुद्धा.

पुढच्या पावसात सासूबाईंनी हातमोजे आधी देवीच्या दगडापुढं ठेवले, हात जोडले आणि मग घातले. परक्या गोगलगाई कमी झाल्या होत्या, कोंब वर आले होते. एका गोणपाटाखाली नखाएवढी एक गोगलगाय निघाली.

"आपली हाय ही," म्हणत त्या हातमोजा काढू लागल्या. "देवीची हाय. हिला रबरानं कसं धरू?"

मला जीपमधली ती मान आठवली.

"तुमी ऱ्हाऊ द्या, आत्या. मी ठेवते."

मी हातमोजा काढला. गोगलगाय गार होती, बुळबुळीत होती. मी ती नीट खोडावर ठेवली.

हद्दीबाहेर आल्यावर सासूबाईंनी साबण घेतला आणि माझा हात चोळायला लागल्या. बोटं, नखं, पार मनगटापर्यंत. बास झालं म्हटलं तरी सोडेनात.

"अजून येकदा," त्या म्हणाल्या.

मला भित्री म्हणून इतकी वर्षं हसणाऱ्या त्या बाईनं पुन्हा साबण उचलला.