तीन फूट पाण्यातलं विमान

कोल्हापूरच्या विमानतळाला लागून असलेल्या आमच्या गडमुडशिंगीवरून विमान इतकं खालून जातं की घरातली भांडी थरथरतात. गोठ्यातल्या म्हशींनासुद्धा त्याची सवय झाली. आईला मात्र कधीच झाली नाही. हातातलं काम टाकून ती अंगणात येते आणि विमान दिसेनासं होईपर्यंत मान वर करून बघत राहते. मी हवाई सुंदरी व्हावं हे तिथूनच सुरू झालं. हौस तिची, उंची माझी. "एवढी उंच पोरगी, ती काय नुसत्या धारा काढायला व्हय?" असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची. वडील गेल्यानंतर घरात आम्ही दोघीच, त्यामुळं तिला अडवणारंही कुणी नव्हतं.

मग राजारामपुरीतल्या एका संस्थेत मी वर्षभर हसायला शिकले. हसायला, चालायला आणि ट्रे धरायला. तिथल्या मॅडम म्हणायच्या, कोल्हापूरच्या पोरी साधं बोलल्या तरी भांडतात असं वाटतं. वाटू दे की. पुण्यात तीन मुलाखती दिल्या. तिन्ही ठिकाणी बाह्या वर करायला लावल्या आणि तिन्ही ठिकाणी माझ्या उजव्या मनगटावरचा डाग बघून समोरच्या बाईनं कागदावर काहीतरी लिहिलं. भाजल्याचा डाग. आठ वर्षांची असताना आईनं मला भाकरी शिकवायला चुलीपुढं बसवलं होतं, तेव्हा हात तापल्या तव्यावर पडला. तिसऱ्या वेळी मी सरळ विचारलं, "ह्याच्यामुळंच ना?" बाई गोड हसल्या. तेच हसू मी वर्षभर घोटलं होतं. घरी मी डागाचं काढलंच नाही. इंग्रजी कमी पडलं, एवढंच सांगितलं.

पुढच्या वर्षी सांगली रस्त्याला एक वॉटरपार्क झालं. मोठ्या शेडमध्ये, छताखाली. मधोमध फायबरचं भलंमोठं विमान, आणि त्याच्या दारांतून घसरगुंड्या निघून खाली तीन फूट पाण्यात उतरतात. तिथं तिकिटाला बोर्डिंग पास म्हणायचं, कपडे बदलायच्या खोलीला टर्मिनल आणि शिट्टी घेऊन पाण्याच्या कडेला बसलेल्या माणसाला कॅप्टन. विमानाच्या दाराशी निळा कोट घालून, गळ्यात रुमाल बांधून उभी मी. "प्रवाशांनी हात छातीवर ठेवावेत, पाय जोडावेत. आपला प्रवास सुखाचा होवो." नऊ सेकंदांचा प्रवास, आणि त्याच्या शेवटी नाकातोंडात पाणी. ती घोषणा मी दिवसभर करायचे.

नोकरी लागली त्या दिवशी आईला फोन केला. "कुठं लागली?" तिनं विचारलं. माझं डोकं फिरलेलं होतं. म्हणाले, "विमानात. आणि कुठं लागणार मला?" टोमणा होता तो. आईला टोमणा कळत नाही असं अजिबात नाही, तिच्या टोमण्यांना अख्खी गल्ली वचकून असते. पण तो तिला कळून घ्यायचा नव्हता. संध्याकाळी मी घरी पोचेपर्यंत पेढे वाटून झाले होते. खरं सांगायला माझ्याकडं दोन दिवस होते. उद्या सांगू, उद्या सांगू करत मी ते घालवले, आणि तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला.

आमच्याकडं पोरगं बारावी पास झालं, कुणाची बैलजोडी शर्यतीत आली, की गावातल्या पोरांचं तालीम मंडळ लगेच फ्लेक्स लावतं. माझा तर चांगला दोन मजली. 'गावची शान, हवाई सुंदरी' असं वर, मध्ये मी, माझ्यामागं परदेशातलं कुठलंतरी विमान आणि खाली तालमीच्या सगळ्या कार्यकर्त्यांची गॉगल घातलेली तोंडं. त्यानंतर तोंड उघडायची सोयच राहिली नाही. रोज सकाळी निळ्या कोटात मी त्या फ्लेक्सखालून जायचे, बायका कौतुकानं बघायच्या, आणि विमानतळाचा फाटा मागं टाकून मी सांगली रस्ता धरायचे. मला माझी लाज वाटायची, आणि त्याहून जास्त आईचा राग यायचा.

मे महिन्यात तालमीनं गावातल्या बायकांची सहल काढली. आई सकाळीच म्हणाली होती, नृसिंहवाडीला दर्शनाला जातोय. येताना बायकांना जरा गार वाटावं म्हणून पोरांनी गाडी वॉटरपार्कला वळवली, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

त्या जिना चढून वर आल्या तेव्हा अंगावर भाड्यानं घेतलेल्या नायलॉनच्या पँटी आणि टी-शर्ट, कपाळाला वाडीचा अंगारा, केसांत गजरे. पहिली आमच्या शेजारची काकू. ती थबकली आणि तिनं माझा हात धरला. माझी बाही वर सरकली.

"आगं, ही आपली पोरगी न्हवं का? ह्यो डाग बघ की गं!"

आई तिच्यामागंच होती. तिला पातळाशिवाय मी कधी बघितलं नव्हतं. त्या कपड्यांत ती एकदम लहान दिसत होती. तिनं माझा कोट बघितला, रुमाल बघितला, मग ते फायबरचं विमान या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मला वाटलं, आता शिव्या घालणार. घालाव्यात असं मनापासून वाटत होतं.

"कायतरीच काय," आई म्हणाली. "आमची ह्या येळंला दिल्लीला असती. आणि असलं डाग कुणाच्या हाताला न्हाईत? समद्याच भाकऱ्या थापतोय की आपण."

काकूनं हात सोडला. सगळ्यांना सगळं कळलं होतं. गावात कुणाच्या घरी काय शिजलं याचा पत्ता ठेवणाऱ्या त्या बायका, पण एकीनंही ब्र काढला नाही. त्यांनी आईची अब्रू राखली. मला मात्र त्या क्षणी त्यांच्यातली एकसुद्धा नको झाली होती.

आईची पाळी आली. मागं रांग खोळंबली होती. माझ्या तोंडून सवयीनं जे यायचं तेच आलं.

"मॅडम, हात छातीवर ठेवा. पाय जोडा. आपला प्रवास सुखाचा होवो."

आईनं हात छातीवर ठेवले. ती आयुष्यात कधी पाण्यात उतरली नव्हती. पाठीला हात लावून ढकलायचं, हा तिथला नियमच आहे. मी ढकललं.

निघताना तालमीचा अध्यक्ष माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "ताई, फ्लेक्स गणपतीपतोर राहू दे. आमचं बी फोटो हाईत त्यात."

संध्याकाळी घरी आले. आई चुलीपुढं बसून भाकऱ्या करत होती, केस अजून ओलेच होते. मी वाटेतच ठरवलं होतं, आज सगळं सांगायचं, पुण्याचं, मुलाखतींचं, सगळं. दार लावलं, तिच्यासमोर बसले, बाही वर केली आणि हात तिच्यापुढं धरला.

"आई, मला विमानात का घेतलं नाही माहितीय? ह्या डागा..."

"हात मागं घे," ती वर न बघता म्हणाली. "तवा तापलाय."

तिनं भाकरी उलटली. फुगेपर्यंत तिच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आज इमान येळंत गेलं न्हवं?"

घरात आम्ही दोघीच होतो. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

"गेलं," मी म्हणाले.